पाणबुड्या यंत्राची नाळ

खेळण्यातली मोटार बिनतारी संदेशाने धावते, मग समुद्रतळाशी जाणाऱ्या यंत्रमानवाच्या मागे केबलचे लटांबर कशाला, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. कारण खाऱ्या पाण्यात आहे. ते विजेचे वाहक असल्याने नेहमीच्या वापरातल्या रेडिओलहरी त्यात थोड्याच अंतरात शोषल्या जातात. ध्वनी दूरवर जातो, पण त्यावरून चालते चित्र पाठवणे कठीण. म्हणून माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये केबलची नाळ आली, आणि तिच्याबरोबर अडचणीही आल्या.

१७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन लष्करी विमाने एकमेकांवर आदळली. त्यांतल्या चार हायड्रोजन बाँबपैकी एक भूमध्य समुद्रात पडला. 'आल्विन' या पाणबुडीने तो शोधला. वर काढण्यासाठी 'कर्व्ह' हे केबलवर चालणारे यंत्र उतरवले. ते मुळात टॉर्पेडो परत आणण्यासाठी बनवलेले. सुमारे ८७० मीटर खोलीवर ते बाँबच्या हवाईछत्रीत गुरफटले. अखेर ७ एप्रिलला यंत्र आणि बाँब दोन्ही एकत्रच वर ओढले गेले. याला कौशल्य म्हणावे की नशीब, हे वाचकांनी ठरवावे.

अशी यंत्रे बराच काळ नौदले आणि तेल कंपन्या यांच्यापुरतीच राहिली. १९९७ मध्ये हॅरी बोम आणि व्हिकी जेन्सन यांनी घरच्या घरी पाण्याखालचा यंत्रमानव कसा बनवावा याचे पुस्तक काढले. त्यातूनच स्फूर्ती घेऊन एमआयटीने २००३ मध्ये 'सी पर्च' हा उपक्रम सुरू करून शिक्षकांना प्रशिक्षण दिले. सांगाडा पीव्हीसी नळ्यांचा. छोटी मोटर फिल्मच्या डबीत ठेवून भोवती मेण भरायचे, म्हणजे पाण्याला शिरायला जागाच उरत नाही. नळ्या आणि फोमचे तुकडे कमीजास्त करून यंत्र ना बुडेल ना तरंगेल असे करायचे. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स शहर आहे. तेथील कार्ल हेडन हायस्कूलचे चार विद्यार्थी २००४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे अशा यंत्रांच्या स्पर्धेत उतरले. त्यांचे शिक्षक फ्रेडी लाजवार्दी आणि ॲलन कॅमेरन यांनी संघाचे नाव महाविद्यालयीन गटात नोंदवले. हरायचेच तर मोठ्यांकडून हरण्यात कमीपणा नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्या गटात एमआयटीही होती.

मुलांजवळ देणग्यांतून जमलेले सुमारे ८०० डॉलर होते. पीव्हीसीच्या गोंदाला वास येई, म्हणून यंत्राचे नाव पडले 'स्टिंकी'. नाळेबाबतचा त्यांचा निर्णय मात्र विचारपूर्वक होता. वीज वरून पाठवायची तर केबल जाड हवी, आणि जाड केबल पाण्यात यंत्राला मागे ओढते. त्यांनी बॅटरी यंत्रावरच, जलरोधक पेटीत ठेवली आणि केबल बारीक केली. धोका असा की पेटी गळली तर सगळेच संपले. ती गळलीच, आणि तीही स्पर्धेच्या आदल्या दिवशी. तेव्हा एका मुलाने दुकानातून टॅम्पन आणून पेटीत बसवले. स्त्रिया मासिक पाळीत वापरतात तीच ही वस्तू. आत झिरपलेले पाणी तिने शोषले आणि विद्युतमंडल कोरडे राहिले.

यंत्राचे पाण्यातले काम हा परीक्षेचा एक भाग. लेखी अहवाल आणि तोंडी मुलाखत यांनाही गुण होते. अंतर कसे मोजता, असे परीक्षकांनी विचारले. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, त्यामुळे हवेसाठी बनवलेल्या लेसर टेपला १ मीटर अंतर सुमारे १.३३ मीटर भासते. मुलांनी ही सुमारे ३० टक्क्यांची दुरुस्ती आपण हाताने करतो असे सांगून अपवर्तनांकाचे कारणही दिले. सर्व गुण मिळवून कार्ल हेडन पहिले आले, एमआयटी दुसरी.

चौघेही लहानपणी मेक्सिकोतून आलेले, आणि त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रे नव्हती. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी असा नियम संमत केला, की अशा विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांसाठीच्या कमी शुल्कात सरकारी महाविद्यालयात शिकता येणार नाही. राज्यातच शाळा शिकलेल्यांसाठी तो नियम मतदारांनीच २०२२ मध्ये बदलला. तोपर्यंत स्टिंकीच्या विजयाला अठरा वर्षे झाली होती.