उपाशी पेशी

२००९ साली सौ.च्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढली. गाठ कॅन्सरची निघाली. पुढचा उपचार म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, आणि त्याआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद. कोकणातल्या बाईला मासे बंद! मला वाटलं, असेल नेहमीचं पथ्य. डॉक्टर हसून म्हणाले, "सर, उरलेल्या पेशींना उपाशी ठेवतोय. भूक लागली की त्या आयोडीनवर तुटून पडतील."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे 'हे पहिल्यांदा सुचलं कुणाला?' हा प्रश्न सुटेना. निवृत्तीनंतर वाचत गेलो, ते आज लिहितो.

१२ नोव्हेंबर १९३६. बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन भौतिकशास्त्राचा वैद्यकाला काय उपयोग, यावर बोलले. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ हे एकतीस वर्षांचे थायरॉइडचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? कॉम्प्टननी महिन्याभराने पत्राने कळवलं, येईल. (वर्गात असा एक प्रश्न आला की मास्तरचा दिवस सार्थकी लागतो.)

प्रश्नामागचं गणित साधं होतं. शरीरात आयोडीन ओढून घेते ती मुख्यतः थायरॉइड, आणि साधं आयोडीन कुठलं, किरणोत्सारी कुठलं, हे तिला कळत नाही. हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी आधी सशांवर प्रयोग केले. त्या वेळचं आयोडीन पंचवीस मिनिटांत निम्मं व्हायचं, म्हणजे धावपळच. पुढे सायक्लोट्रॉनमुळे जास्त टिकणारं आयोडीन मिळालं आणि ३१ मार्च १९४१ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये थायरॉइडच्या अतिस्रावाने आजारी असलेल्या एका बाईला ते पाजण्यात आलं. चिरफाड नाही, एक पेला द्रव! हर्ट्झ पुढे युद्धात नौदलात गेले आणि १९५० मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

मला मात्र जवळची वाटते ती न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सिडलिन यांची हकिकत. त्यांच्या रुग्णाची थायरॉइड कधीच काढलेली होती, तरी लक्षणं अतिस्रावाची! ग्रंथीच नाही, मग स्राव येतो कुठून? १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि गायगर काउंटर अंगावरून फिरवला. जिथे जिथे कॅन्सर पसरून बसला होता, तिथे यंत्र बोलू लागलं. थायरॉइडच्या पेशी घर सोडून गेल्या तरी आयोडीनची सवय विसरल्या नव्हत्या. आणि ज्याने ठावठिकाणा सांगितला, त्याच आयोडीनने त्यांचा बंदोबस्तही केला. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन पत्ता देतात. बीटा कण जेमतेम दोन-एक मिलिमीटर जातात आणि जवळच्याच पेशी मारतात.

मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करतं. आमचा उपचार दुसरीकडे झाला. औषध घेतल्यावर तीन दिवस सौ. एका खोलीत एकटी. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी प्रथमच दारातून बोललो. आठवड्याने स्कॅन झाला. डॉक्टरांनी गळ्याजवळच्या दोन काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. बाकी कागद कोरा होता.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "बांगडे मिळतील का आज?"