एक खोली झाली की दुसरी

आज आपण घराबद्दल बोलू या. नव्या नव्हे, जुन्या घराबद्दल.

आम्ही मुंबईच्या उपनगरात, मुलुंड-घाटकोपरकडे बचत गटांचं काम बघतो. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींचं गावी एक घर आहे. वर्षभर कुलूप, गणपतीत चूल पेटते. कौलं फुटलेली, भिंतीला ओल, वाशाला वाळवी. आणि दरवर्षी तोच प्रश्न, पाडून स्लॅब टाकायचा की आहे ते सावरायचं?

आमची उपनगरंही एके काळी गावंच होती. अंधेरी, मरोळ, बोरिवली ही साष्टी बेटावरची गावं. भातशेती, मिठागरं, कोळीवाडे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, तेव्हा ती घाटकोपर-मुलुंडच्या शेतांतूनच गेली. इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांनी १८८७मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरात मात्र बोली मराठीच्याच वळणाची. त्यांची घरं अजून काही गावठाणांत दिसतात. पुढे ओटा, उतरतं कौलारू छप्पर, माडीवर जायला बाहेरून जिना. मंगळूरला १८६५मध्ये बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू नळीच्या कौलांच्या जागी ती सपाट कौलं पश्चिम किनाराभर पोचली. १९५७मध्ये बोरिवली आणि मुलुंड महापालिकेत आले. जमिनीचा भाव चढला, तशी घरं पडू लागली. जी उरली, ती कुणीतरी दर पावसाळ्याआधी शिडी लावून कौलं चाळली म्हणून उरली.

मोडकळीला आलेलं घर पुन्हा उभं राहतं का? राहतं. गोव्यात केपे गावी कुशावती नदीच्या काठी ‘पालासियू दू देआंव’ नावाचा वाडा आहे. देआंव म्हणजे चर्चचा मोठा अधिकारी. जुझे पावलू द आल्मेदा या देआंवनं १७८७मध्ये तो बांधला. केपे शहर वसवणाराही तोच. बांधणीत पोर्तुगीज पद्धत आहे, तशी आपली हिंदू पद्धतही आहे. पुढे तो पोर्तुगीज गव्हर्नरांच्या विश्रांतीसाठी गेला. नंतर काही काळ तिथं निराधार स्त्रियांना आसरा मिळाला. मग वाडा खचत गेला.

रुबेन आणि सेलिया वास्को द गामा या नवरा-बायकोनं तो हाती घेतला आणि टप्प्याटप्प्यानं उभा केला. छपरापासून जुन्या लाकडी सामानापर्यंत आणि नदीकडच्या बागेपर्यंत. आज पाहुणे येतात, ही दोघं स्वतः घर फिरवून दाखवतात. आधी कळवून येणाऱ्यांना तिथं जुन्या पद्धतीचं जेवण मिळतं. स्वयंपाकघर चालतं आणि वाड्याच्या देखभालीला हातभार लागतो. बचत गटातल्या बाईला हे गणित समजावून सांगावं लागत नाही!

आपलं घर काही वाडा नाही. पण रीत तीच. आधी छप्पर, कारण पाणी वरून येत असेल तर खालचं सगळं काम वाया. मग पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढायचं. मग भिंती. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडतं. वरून भिंत छान दिसते आणि आतून भुसभुशीत होते. भिंतीनंतर दारं-खिडक्या, मग जमीन. रंग सगळ्यात शेवटी. एका वर्षी एकच खोली घेतली तर कर्ज आवाक्यात राहतं आणि बाकीच्या घरात राहताही येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. इतिहासात घर बांधणाऱ्याचं नाव राहतं. केप्याचा वाडा देआंवचा म्हणूनच ओळखला जातो. पण घर टिकतं कशानं? सारवणानं, पोतेऱ्यानं, पावसाआधी झडी बांधण्यानं. ही कामं पिढ्यानपिढ्या कुणी केली, ते तुम्हीच सांगा. त्या हातांची नोंद कुठल्या कागदावर आहे?

आता ती करता येते. महाराष्ट्र सरकारनं २००३मध्ये ठरवलं, की ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घर नवरा-बायको दोघांच्या नावे लागावं. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होते आणि मिळकत पत्रिका मिळते. मोजणी गावात येईल तेव्हा घरी राहा, नाव विचारा. दुरुस्तीसाठी गटातून कर्ज तुम्ही काढणार, हप्ता तुम्ही भरणार, मग उताऱ्यावर नाव एकाचंच का?

घर सामाईक असेल तर आधी दीर-जावांना, नणंदांना बसवून बोला. कुणाचा हिस्सा किती, खर्च कुणाचा किती, ते कागदावर घ्या. न बोलता केलेल्या दुरुस्तीतून पुढे भांडणं होतात.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घराचा उतारा आणावा आणि मोठ्यानं वाचावा. ज्यांचं नाव नाही, त्यांचे अर्ज त्याच दिवशी लिहू या. कौलं चाळायचं काम मे महिन्यात आहेच.