अपरांतांतील हत्ती व त्यांस धरण्याच्या रीती

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत आज कोणी रानटी हत्तीचा माग काढूं लागला, तर लोक त्यास वेड्यांत काढतील. परंतु कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हत्तींची देशपरत्वें जी प्रतवारी लाविली आहे, तींत कलिंग व अंग येथील हत्ती उत्तम, सौराष्ट्र व पंचनद येथील कनिष्ठ, आणि दशार्ण व अपरांत येथील मध्यम म्हटले आहेत. अपरांत म्हणजे सामान्यतः उत्तर कोंकण. तेव्हां उल्हास व पाताळगंगा यांचीं खोरींही त्या मुलखांतच येतात. बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याच्या लेण्यांत स्तंभांच्या माथ्यांवर स्वारांसह बसलेले हत्ती दिसतात. तो पुरावा माणसाळलेल्या हत्तीचा, रानटी हत्तीचा नव्हे, हा भेद मात्र विसरतां कामा नये.

हत्ती धरीत कसे? इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास मेगॅस्थिनीस यानें एक रीत वर्णिली आहे. मोकळ्या जागेभोंवतीं रुंद खंदक खणावयाचा, आंत जाण्यास एकच अरुंद पूल ठेवावयाचा व मध्यें माणसाळलेल्या हत्तिणी सोडावयाच्या. रात्रीं रानटी हत्ती आंत शिरले कीं पूल काढून घेत. मग भुकेनें व तहानेनें ते खंगले म्हणजे शिकविलेले हत्ती त्यांच्या अंगावर घालून माणसें त्यांचे पाय बांधीत. खेड्याची पद्धत ती हीच. म्हैसूरकडे काकनकोटें येथें ती १९७१ पर्यंत चालू होती. झांकलेल्या खड्ड्यांत हत्ती पाडण्याचीही रीत होती. पण तींत जनावराचा जीव जाई, म्हणून मातंगलीलाकारानें ती निंद्य मानिली.

कौटिल्याचे निर्बंध याहूनही कडक आहेत. हत्ती उन्हाळ्यांतच धरावे, ते वीस वर्षांचे असावे; गाभण वा लेंकुरवाळी हत्तीण, पिल्लूं आणि रोगी जनावर धरूं नये; हस्तिवनांत हत्ती मारणारास देहांत शासन. सैन्यास हत्ती हवे असल्यामुळें राजास रान राखणें भाग होतें, हें यांतील मर्म आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

२००२ च्या सुमारास कर्नाटकांतून रानटी हत्ती दोडामार्गाच्या बाजूस उतरले. पुढें २०१५ त माणगांव खोऱ्यांत तीन हत्ती धरण्यांत आले. गुंगीचें औषध बंदुकीनें मारिलें, तरी त्यांस आवरण्यास कर्नाटकांतील शिकविलेले हत्तीच आणावे लागले. साधन बरेंचसें तेंच राहिलें; हेतु मात्र उलटला. पूर्वीं हत्ती हवा म्हणून राजा रान राखी व मग हत्ती धरी. आतां रान आटलें, शेतें रानास भिडलीं, आणि हत्ती नको म्हणून तो धरावा लागतो. यांत अधिक सुधारलेली रीत कोणती, याचा विचार वाचकांनींच करावा.