न्यायालयांची मुक्तस्रोत प्रणाली : लाभ केवळ परवाना शुल्काचा नाही

रहाटणी, काळेवाडी वा पिंपळे सौदागर येथील पक्षकाराला आपल्या दाव्याची पुढची तारीख पाहण्यासाठी आता न्यायालयात खेप घालावी लागत नाही. दाव्याला मिळालेला सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर भरला की तारीख व आदेश समोर येतात. पुणे जिल्ह्यातील दाव्यांचा हा क्रमांक ‘एमएचपीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. ही माहिती पुरविणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील कार्यालयात विकसित झाली असून, ती मुक्तस्रोत साधनांवर उभी आहे.

ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते व पुढे देता येते, ती मुक्तस्रोत. ‘फुकट’ हा तिचा अर्थ नव्हे, जरी सरकारी चर्चेत बहुधा तोच घेतला जातो.

ई-कोर्ट्स प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी निरनिराळ्या राज्यांतील न्यायालये निरनिराळ्या प्रणाली वापरीत आणि त्यांच्या नोंदींचा परस्परांशी मेळ नसे. देशभर एकच प्रणाली लागू करायची, तर प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम, दाव्यांचे प्रकार आणि कामकाजाची भाषा वेगळी. त्यावर तोडगा निघाला तो असा : प्रणालीचा गाभा सर्वत्र समान ठेवायचा आणि त्याभोवतीचा भाग प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या गरजेनुसार घडवायचा. बंदिस्त प्रणाली असती तर अशा प्रत्येक बदलासाठी कंपनीचे दरपत्रक, करार आणि प्रतीक्षा आली असती. संहिता सरकारच्याच हाती असल्याने हे काम घरच्या घरी होऊ शकले. एकसारख्या नोंदींमुळेच 2015 मध्ये ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’वर देशातील प्रलंबित खटल्यांचे आकडे जनतेला खुले झाले.

परवाना शुल्काची बचत आहेच. न्यायाधीश व कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर उबुंटू लिनक्स बसविल्याने प्रत्येक यंत्रामागे शुल्क मोजावे लागत नाही. मात्र प्रशिक्षण आणि देखभाल यांवर खर्च होतोच. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सचा मार्ग धरला, सुमारे 15 हजार संगणक त्यावर नेले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातील श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30 हजार संगणकांवर लिब्रे ऑफिस आणण्याचे जाहीर केले. तेव्हा हा वाद संपलेला नाही.

बंदिस्तपणाची किंमत मराठी कार्यालयांनी फॉन्टच्या रूपाने आधीच मोजली आहे. युनिकोडपूर्व काळात एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले, की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसत. कागद सरकारचा, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे!

केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्तस्रोत धोरण जाहीर केले. त्यानुसार निविदेत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करणे बंधनकारक असून, तो वगळणाऱ्या पुरवठादाराला त्याचे कारण द्यावे लागते. राज्यांना मात्र हे धोरण स्वेच्छेने स्वीकारायचे आहे. त्यामुळे महापालिकेच्या संगणकीकरणाच्या निविदेत किमतीइतकीच दोन कलमे पाहण्याजोगी ठरतात : संहितेची मालकी कोणाची, आणि करार संपल्यावर नागरिकांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार.