खड्ड्यातला कुत्रा

पिटबुल या नावात एक खड्डा आहे आणि एक वळू. वळू आधी आला.

इंग्लंडात शतकानुशतकं वळू खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत. कुत्र्यानं त्याचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही. करमणूक होतीच, शिवाय असं छळलेल्या वळूचं मांस मऊ होतं, ही समजूत. काही गावांत तर कापण्याआधी वळूची झुंज लावलीच पाहिजे, असा खाटकांना नियम होता. पोळ्याला बैलापुढे पुरणपोळी धरणाऱ्यांना हे वाचवायचं नाही.

1835 साली संसदेनं हे थांबवलं. वळू सुटला, कुत्रा अडकला. बंदी कुत्र्यांच्या झुंजींवरही होती, पण वळूला मैदान लागतं आणि दोन कुत्र्यांना गुत्त्यामागचा एक खड्डा पुरतो. तिथं बोजड बुलडॉग नको होता. बुलडॉगचा जबडा आणि टेरियरची चपळाई यांचा संकर आधीपासून चालू होता, आता त्यालाच भाव आला.

पुढे घराणं फुटलं. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सनं 1860च्या दशकात पांढरा, साहेबी बुल टेरियर घडवला. कामगारवस्तीतला स्टॅफर्डशायर बुल टेरियर 1935 साली केनेल क्लबच्या वहीत चढला. जे अमेरिकेला गेले, त्यांची नोंद तिथल्या युनायटेड केनेल क्लबनं 1898 पासून पिटबुल टेरियर म्हणून केली. सगळी एकाच आजोबाची नातवंडं.

मे 1991 मध्ये ब्रॅडफर्डला एका सहा वर्षांच्या मुलीला पिटबुलनं भयंकर फाडलं. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी त्याच उन्हाळ्यात कायदा आणला. बंदी चौघांवर: पिटबुल, जपानी तोसा, डोगो आर्हेंतिनो, फिला ब्राझिलेरो. सख्खा चुलतभाऊ स्टॅफर्डशायर मोकळाच. शिवाय ब्रिटनच्या केनेल क्लबच्या लेखी पिटबुल ही जातच नव्हती, म्हणून कायद्यानं शब्द वापरला ‘प्रकार’. वंशावळ नको, ठेवण पाहायची. आणि आपला कुत्रा त्या प्रकारातला नाही, हे सिद्ध करायचं मालकानं! चोरानं नव्हे, सावानं पुरावा द्यायचा, असा हा उफराटा न्याय. लंडनच्या डेम्प्सी नावाच्या पिटबुल कुत्रीचं सक्तीचं मुसकं 1992 साली रस्त्यात काढलं गेलं. ती कुणाला चावली नव्हती, तरी तिला मृत्युदंड झाला. तीन वर्षं खटला चालून ती वाचली, आणि 1997 मध्ये न्यायाधीशांना असा मृत्युदंड टाळण्याची थोडी मोकळीक मिळाली.

दरम्यान अमेरिकेत पिटबुलच्याच रक्तातून आणखी थोराड ‘बुली’ तयार झाला. ठेवण वेगळी, त्यामुळे 1991च्या यादीत तो बसत नव्हता. ब्रिटनमध्ये त्यातल्याच थोरल्या, एक्सएल बुलीनं माणसं मारली, भीती खरी होती. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी 2023 मध्ये बंदी जाहीर केली. 1 फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा झाला. लोक घरोघरी टेप घेऊन बसले: खांद्यापाशी नर 51 सेंटिमीटर, मादी 48. त्याहून बुटका असला तर सुटला.

दीड महिन्याच्या आतच, 12 मार्चला, भारताच्या केंद्र सरकारचं पत्र राज्यांना गेलं. तेवीस नावं, त्यांची आयात, पैदास, विक्री बंद. यादीत तोसा होता, पिटबुल अर्थातच होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं 10 एप्रिलला ते पत्र रद्द केलं. त्या तेवीस जातींच्या जोडीला त्यांचे संकरही धरले होते. पिटबुल मुळात दुसरं काय आहे?