लेबर रूममधली सोबतीण : 'डूला'ची गोष्ट

हल्ली शहरातल्या गरोदर मुली विचारतात, "डॉक्टर, डूला ठेवू का?" शेजारी बसलेल्या आईच्या किंवा सासूबाईंच्या चेहऱ्यावर 'हे काय नवीन?' असा भाव असतो. शब्द नवा आहे, काम नवं नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत आणि गरज पडली तर पुढेही काही दिवस बाळंतिणीजवळ थांबणारी जाणती बाई म्हणजे डूला. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही. म्हणजे ती सुईण नव्हे आणि नर्सही नव्हे. ती सोबत करते.

तुम्ही म्हणाल, मग त्यात विशेष काय? माहेरी बाळंतपण व्हायचं तेव्हा आई, आजी, मावशी असायच्याच की! अगदी खरं. अशी सोबत जगभर होती. ती गेली कशी आणि परत कशी आली, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेत १९०० च्या सुमारास जवळजवळ सगळी बाळंतपणं घरी होत. १९५५ पर्यंत जवळजवळ सगळी हॉस्पिटलात होऊ लागली. रक्त, अँटिबायोटिक्स, सुरक्षित सिझेरियन यांमुळे कितीतरी आया वाचल्या. जुन्या बाळंतपणांचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. पण घरच्या माणसांना दाराबाहेर थांबवलं गेलं आणि कळा सोसणारी बाई अनोळखी खोलीत एकटी पडली. आपल्याकडेही पुढे तेच झालं.

१९७३ मध्ये डाना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्तनपानावरच्या पुस्तकात 'डूला' हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. तो अनेकांना आवडत नाही, आणि मलाही फारसा नाही. राफेल यांना अभिप्रेत होती बाळंतपणानंतर आईचीच आई होणारी बाई.

लेबर रूममधल्या सोबतीचा अभ्यास ग्वाटेमालात झाला. तिथल्या एका गर्दीच्या हॉस्पिटलात पहिलटकरणींना एकटीनेच कळा काढाव्या लागत. सोसा, केनेल, क्लाऊस आदी डॉक्टरांनी त्यांतल्या काहींजवळ एक साधी, प्रशिक्षण नसलेली, त्यांच्या ओळखीचीही नसलेली बाई बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. बस्स, एवढंच. त्यांचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. गुंतागुंत न झालेल्या २० बाळंतिणी मिळायला सोबत असलेल्या गटात ३३ बायका पुरल्या. सोबत नसलेल्या गटात १०३ घ्याव्या लागल्या. दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा सरासरी वेळ पहिल्या गटात ८.८ तास, दुसऱ्यात १९.३ तास. अभ्यास लहान होता, त्यामुळे शंका घेणं रास्तच होतं.

म्हणून अमेरिकेत ह्यूस्टनला सहाशेहून अधिक बायकांचा अभ्यास झाला (१९९१). सिझेरियनचं प्रमाण डूला असलेल्या गटात ८ टक्के, नेहमीची व्यवस्था असलेल्या गटात १८ टक्के. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते तिसऱ्या गटाचं. तिथे एक बाई पलंगापासून दूर बसून नुसत्या नोंदी करत होती, रुग्णाशी एक शब्दही बोलत नव्हती. तरी सिझेरियन १३ टक्के! खोलीत कुणीतरी आहे, जात नाही, एवढ्यानेही फरक पडला असावा. भीतीने ॲड्रेनालिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

२०१७ मध्ये १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. अखंड सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता थोडी वाढते आणि सिझेरियन कमी होतं, असंच त्यातही दिसलं. फरक ह्यूस्टनइतका मोठा नाही, पण आहे. सिझेरियन खरोखरच लागणार असेल, तर ते कोणतीही डूला टाळू शकत नाही, आणि तिने तसा प्रयत्नही करू नये.

भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली. मुख्यतः घरातली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई; आडोशाची सोय असेल तर नवराही. तेव्हा पैसे देऊन डूला ठेवणं परवडत नसेल तर हिरमुसू नका. आई, मोठी बहीण, जाऊबाई, जिच्याजवळ तुम्हाला मोकळेपणाने ओरडता-रडता येईल ती निवडा. मात्र सतत घाबरवणारी किंवा 'आमच्या वेळी' सुरू करणारी नको. सातव्या-आठव्या महिन्यातच हॉस्पिटलात विचारून ठेवा : लेबर रूममध्ये कोण थांबू शकतं, किती वेळ, आणि रात्री नियम बदलतो का?