कंबर ३४, पोट ४२

सुरतेत पँट शिवायला येणारा माणूस कंबर सांगताना खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही बोलत नाही. "३४ धरा," म्हणतो. टेप लावली की ३४च भरते, कारण तो पँट पोटाखाली बांधतो. तीच टेप चार बोटं वर, बेंबीवरून फिरवली की ४२. पँटला फक्त खालचा आकडा लागतो, म्हणून माझ्या वहीत वर्षानुवर्षं ३४ची कंबर तशीच लिहिली जाते. सदऱ्याचं माप काढताना मात्र पोट लपत नाही. छातीपेक्षा पोट चार इंच पुढे गेलं की मधली बटणं ताणतात आणि दोन बटणांमधून बनियन डोकावतं.

मी मूळचा अमळनेरचा. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून जसे हजारो खानदेशी सुरतेला उतरले, तसाच मीही उतरलो, फक्त लूमवर न जाता मशीनवर बसलो. उधन्यातल्या माझ्या दुकानात मराठी, गुजराती, हिंदी, उडिया अशी सगळी पोटं येतात. या पोटांचा काही इतिहास असेल असं मला बरेच दिवस वाटत नव्हतं. मग बडोद्याच्या एका मराठी गिऱ्हाइकाने शिलाईच्या उधारीपोटी जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आणून टाकला. त्यात आबासाहेब मुजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक फाटका खंड होता. बडोद्यात बसून या गृहस्थाने १९३६ पासून पुढे दहा खंडांचा व्यायामाचा कोश मराठीत काढला. लंगोट लावलेल्या माणसांची ती चित्रं मी शिंप्याच्या नजरेने पाहू लागलो आणि तिथून या विषयात गुंतलो.

पहिली गोष्ट शिंप्यालाच सुचेल अशी आहे. धोतराला कंबरेचं माप नसतं. पोट वाढलं तर निरी जरा सैल, उतरलं तर जरा घट्ट. अंगरखा बंदांनी बांधायचा, बाराबंदीही तशीच. पोट इंचात मोजायची गरज पँटने आणली, बेल्टपट्टी आणि हुकाने आणली. त्याआधी दोंद होतं, पण त्याला आकडा नव्हता. आणि सुरतेसारख्या सावकारी गावात तर दोंद हा दोषही नव्हता. ज्या पेढीवर हुंडी वटवायची, त्या पेढीवरचा शेठ किडकिडीत असलेला कोणाला आवडेल?

खाण्याचं तर विचारूच नका. जेवावं सुरतेला आणि मरावं काशीला ही म्हण इथे रिक्षावालासुद्धा ऐकवतो. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, अख्खं शहर घारी खातं. मैद्याची पारी, आत मावा आणि सुकामेवा, तुपात तळायची आणि वर पुन्हा थिजलेल्या तुपाचा जाड थर द्यायचा. एवढ्यावर कोणी थांबत नाही, सोबत फरसाणही लागतं. लोक सहकुटुंब रस्त्याच्या कडेला चटया टाकून बसतात. रोजच्या सकाळी लोचो, त्यावर तेल, हल्ली बटर, वर शेव. पण माझ्या गावानेही हात आखडता घेतलेला नाही. १९४५ साली अमळनेरात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिलाच आज जग विप्रो म्हणून ओळखतं. संगणकाच्या आधी आम्ही देशाला डालडाचा भाऊबंद दिला, हे अमळनेरकर सोडून फारसं कोणी सांगत नाही.

त्याच अमळनेरने उलट्या बाजूचा एक माणूसही काही वर्षं सांभाळला. त्याच्याकडे जाण्याआधी सुरतेचा १९०७चा डिसेंबर घ्यायला हवा.

त्या डिसेंबरात इथे, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये, काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि मोडलं. २७ तारखेला टिळक व्यासपीठावर उभे असताना सभेतून एक मराठी जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, लाठ्या, पोलीस. हा राजकारणाचा भाग सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात टिळकांची प्रकृती दिसते. डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा हा मुलगा किडकिडीत होता, आणि पहिलं वर्ष त्याने अभ्यास बाजूला सारून तालीम, पोहणं आणि भरपूर खाणं यांत घालवलं. सुरतेच्या मांडवात, चहूकडून माणसं अंगावर येत असताना, हाताची घडी घालून जागचे न हलणारे टिळक त्या वर्षाच्या जोरावर उभे होते असं मला वाटतं. इतिहासकारांना हे पटणार नाही. चालेल.

त्या काळात व्यायाम म्हणजे अंगावर मांस चढवणं, उतरवणं नव्हे. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव पोरांना लाठी, मल्लखांब, कुस्ती शिकवत होते, हिंदी आज्ञांवर शेकडोंची कवायत घेत होते. सुरतेतच १८९४ साली जन्मलेले अंबुभाई पुराणी आणि त्यांचे थोरले बंधू छोटुभाई गुजरातेत गावोगाव आखाडे उभे करत होते. अरविंद घोष बडोद्यात शिकवून गेले होते, त्यांची हवा या सगळ्यांना लागली होती. या आखाड्यांत पोटाकडे कोणी आरशातून पाहत नव्हतं. पैलवान दूध, तूप, बदाम रिचवून हजार जोर-बैठका काढायचा आणि त्याचं पोट चांगलं भरलेलं असायचं. कुस्तीत ते ओझं कामाला येतं. मल्लखांबाच्या गड्याचं पोट मात्र पाठीला लागलेलं, कारण त्याला स्वतःचंच वजन लाकडावर वर न्यायचं असतं. एकाच मातीत दोन तऱ्हेची पोटं घडत होती आणि कोणी एकाला चांगलं, दुसऱ्याला वाईट म्हणत नव्हतं.

आरसा आणला सँडोने. शरीर कमावून त्याचेच खेळ दाखवणारा हा युजीन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करून गेला, पण त्याचे फोटो त्याच्या आधीच येऊन पोचले होते. पोटावरच्या सहा वड्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून बाजूने उजेड टाकून काढलेले फोटो. पुढे औंधचे राजे झालेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७च्या सुमारास सँडोची पुस्तकं आणि सामान मागवलं आणि तब्बल दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. नंतर ते सोडून सूर्यनमस्काराला लागले ते कायमचे, संस्थानातल्या शाळांना लावले, लंडनला १९३८ साली इंग्रजी पुस्तक निघालं. दहा वर्षं एका गोष्टीला देऊन मग ती मोडीत काढणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. आमच्या धंद्यातही जुना फर्मा फेकायला छाती लागते.

आता अमळनेरचा माणूस. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोईचा. १९०७ ते १९१० माणिकरावांकडे तयार झाले, पुढे अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला आले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींची गाठ पडली. मालसर सुरतेहून फार लांब नाही. गुणे मास्तर पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढलं.

यांनी पोटाचं जे केलं ते आधी कोणी केलं नव्हतं. उड्डियान आणि नौली या दोन क्रिया मालसरला शिकून त्यांनी थेट बडोद्याच्या इस्पितळात नेल्या, १९२०-२१च्या सुमारास. पोट आत ओढलेल्या माणसाचे एक्स-रे काढले. पुढे लोणावळ्याला आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्तीत, म्हणजे आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर चढतं, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं: माधवदास व्हॅक्युम. हठयोगाच्या पोथीतली गोष्ट पाऱ्याच्या रेघेवर उतरली.

नौली मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या आळीत एक म्हातारे मास्तर पहाटे ओट्यामागे करायचे आणि आम्ही पोरं भिंतीवरून बघायचो. पाय फाकवून जरा वाकायचं, हात मांड्यांवर रोवायचे, श्वास पुरता सोडून द्यायचा. मग श्वास न घेता बरगड्या फुगवायच्या की पोट पार खळग्यात जातं, बरगड्यांखाली वाटी ठेवता येईल इतकं. आणि मग त्या खळग्यातून मधोमध एक उभा दांडा वर उठतो, बरगडीपासून जांघेपर्यंत. तो डावीकडे जातो, उजवीकडे येतो, घुसळण सुरू होते. आज जिममध्ये ज्यासाठी पोरं जीव टाकतात तेच हे दोन उभे स्नायू. मास्तर सत्तरीचे होते, त्यांना ते कोणाला दाखवायचे नव्हते. शौचाला साफ व्हावी एवढाच हेतू, आणि तो ते मोठ्याने सांगतही.

माधवदासजींचा दुसरा शिष्य तर सुरतेकडचाच. देगामचा मणिभाई देसाई, जन्म १८९७, तरुणपणी कुस्तीचा शौकीन. हाच पुढे श्रीयोगेंद्र, ज्यांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढलं आणि संसारी माणसाला घरी करता येतील अशी सोपी आसनं शिकवली. म्हणजे एका म्हाताऱ्या साधूच्या हाताखालून दोन माणसं निघाली आणि आज गल्लीगल्लीत सकाळी सतरंज्या पसरतात त्यातलं बरंचसं या दोघांनी लावून दिलं.

माझी कुरकुर इथे आहे. या मंडळींनी पोटाचा व्यायाम पचनासाठी, श्वासासाठी, मलशुद्धीसाठी सांगितला. पुढे वाटेत कुठेतरी त्याचं 'पोट घटवा' झालं. गेल्या लग्नसराईत एक पोरगा सुटाचं माप द्यायला आला. "काका, पोटाला दोन इंच कमीच धरा. रोज पाचशे क्रंच मारतोय, हळदीपर्यंत सिक्स पॅक काढतो."

"खातोस काय?"

"खाण्याचं काय, सगळं चालतं. मेहनत करतोय ना."

त्याला मी १९८४चा अमेरिकेतला प्रयोग सांगितला. तिथे माणसांकडून २७ दिवसांत ५००४ सिट-अप काढून घेतले आणि आधी-नंतर पोट, पाठ आणि कुल्ला या तीन जागांची चरबी सुईने काढून तपासली. पोटाच्या चरबीत वेगळा असा काहीही फरक नव्हता. स्नायू खाली तयार होतो, पण वरची गादी तशीच राहते. ती शरीर आपल्या मर्जीने उपसतं, आणि पुरुषाच्या पोटावरून बहुधा सगळ्यात शेवटी. हे मला टेपवरूनही दिसतं. वजन उतरवणाऱ्या गिऱ्हाइकाची कॉलर आधी ढिली होते, मग मांडी, आणि बेंबीवरचा आकडा रडतखडत हलतो. पोटावरच्या वड्या दिसायच्या तर ताटातून घ्यायचं कमी व्हायला हवं, डाळ-उसळ-अंडी वाढायला हवीत, वजनं उचलायला हवीत, झोप हवी आणि महिनोन्‌महिने थांबायला हवं. पोरगा हसला. सूट मी बेतला तो टेपवर आला त्या मापाने.

आमच्या खानदेशींचं तर निराळंच झालं. पहिली पिढी बारा तास लूमसमोर उभी राहिली, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, पोट कुठून येणार? त्यांची मुलं आता मार्केटच्या गादीवर बसतात, मोटारसायकलवर फिरतात आणि सकाळी लोचो खातात. हातपाय बापाचेच, बारीक, आणि मध्ये पोट.

याचं शास्त्र पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्या अंगावर दाखवून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी भरलेली दोन माणसं, आणि आपल्या माणसाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बाईची ८०. पुरुषाचे साधारण साडेपस्तीस इंच झाले. आणि हे मोजायचं पट्ट्याच्या जागी नव्हे, शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर.

हे वाचल्यापासून चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकाचं तेही माप मी घेतो आणि बिलाच्या मागे लिहून देतो. काही जण चिडतात. कापडाच्या दलालीतले एक शेठ आकडा बघून म्हणाले, टेप जुनी झाली, ताणली गेली असेल. मी नवी टेप काढली आणि दाखवली. अर्धा इंच जास्तच भरलं.